बोरिस नेमत्सोव्ह : येल्त्सिन यांचे वारसदार ते यारोस्लाव्हलची एकच जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे : १९९७ साली ज्यांच्याकडे रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांचे वारसदार म्हणून पाहिलं जायचं, ते बोरिस नेमत्सोव्ह २०१३ साली एका प्रांताच्या विधिमंडळात आपल्या पक्षाचे एकटेच आमदार म्हणून कसे येऊन बसले? आणि १९९७ मध्ये ते मॉस्कोला गेलेच नसते, तर राष्ट्राध्यक्ष झाले असते का?

सोव्हिएतोत्तर रशियाचं राजकारण शिकवताना हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे, नव्वदच्या दशकातल्या सुधारणांनी लोकांचे हाल झाले, म्हणून लोकांनी सुधारणावाल्यांना घरी बसवलं. यात तथ्य आहे, पण नेमत्सोव्ह यांना ते पुरतं लागू होत नाही. त्यांची सगळी ताकद मतदारासमोर उभं राहून मत मिळवण्यात होती. ज्या ज्या पदासाठी असं उभं राहता यायचं, ती पदं रशियात एकेक करून बंद झाली किंवा पोकळ झाली. त्यांच्या चुका झाल्या, त्या मी पुढे सांगतोच. पण घसरण समजून घ्यायची तर त्यांच्या स्वभावापेक्षा निवडणूक कायद्यांकडे जास्त बघावं लागतं.

सुरुवात गोर्कीपासून करू, म्हणजे आजचं निझ्नी नोव्हगोरोद. नेमत्सोव्ह जन्मले सोचीत, ९ ऑक्टोबर १९५९ रोजी, पण वाढले आणि शिकले गोर्कीत. व्होल्गाकाठचं हे शहर शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांमुळे परदेशी माणसांना बंद होतं. आपल्याकडे ओझरला जी मिग-२१ विमानं परवान्याखाली बनली, ती मुळात तयार करणाऱ्या कारखान्यांपैकी एक इथलाच. शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांना १९८० साली नजरकैदेत पाठवलं तेही इथेच. नेमत्सोव्ह रेडिओभौतिकीचे संशोधक होते, १९८५ मध्ये त्यांनी प्रबंध पूर्ण केला. चेर्नोबिलनंतर गोर्कीत शहराला उष्णता पुरवणारं अणुकेंद्र उभं राहत होतं, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले. बालरोगतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या आई त्या आंदोलनात होत्या आणि मुलगाही त्यात ओढला गेला. त्यांचं राजकारण सुरू झालं ते पक्ष किंवा विचारसरणीपासून नाही, शहराच्या एका प्रश्नापासून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांची पद्धत अखेरपर्यंत तशीच राहिली. एक ठोस विषय घ्यायचा, आकडे गोळा करायचे आणि लोकांपुढे मांडायचे.

१९९० मध्ये ते रशियन प्रजासत्ताकाच्या लोकप्रतिनिधी सभेवर निवडून गेले. ऑगस्ट १९९१ मध्ये बंडखोरांनी रणगाडे मॉस्कोत आणले, तेव्हा ते येल्त्सिन यांच्यासोबत संसदेच्या इमारतीत होते. नोव्हेंबरमध्ये येल्त्सिन यांनी त्यांना निझ्नीचं गव्हर्नर नेमलं. वय ३२. रशियातला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. अधिकारांच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याच्या जास्त जवळ जातो.

काळ कसा होता ते लक्षात घ्या. जानेवारी १९९२ मध्ये बहुतेक वस्तूंच्या किमती मोकळ्या सोडल्या गेल्या आणि घराघरातली शिल्लक महागाईने खाऊन टाकली. लष्करी कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या. अशात एप्रिल १९९२ मध्ये निझ्नीत सरकारी दुकानांचा जाहीर लिलाव झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिलाच मोठा प्रयोग. मॉस्कोहून आर्थिक सुधारणांचे प्रमुख गायदार आणि खासगीकरणाचे प्रमुख चुबाइस बघायला आले होते, आणि आत बोली लागत असताना बाहेर दुकानांतले कर्मचारी निदर्शनं करत होते. त्यानंतर मालमोटारींचे लिलाव झाले, आणि मग सामूहिक शेतीला हात घातला गेला.

ही शेतीची योजना जरा सविस्तर सांगतो, कारण एरवी तिचा उल्लेख क्वचितच होतो. सामूहिक शेतावरच्या प्रत्येक सदस्याला, पेन्शनरांनाही, दोन प्रमाणपत्रं मिळायची. एक जमिनीतल्या वाट्याचं, दुसरं ट्रॅक्टर, गोठे, कोठारं अशा मालमत्तेतल्या वाट्याचं. मग त्याच शेतावर लिलाव व्हायचा, पण बोली पैशांत लागायची नाही, प्रमाणपत्रांत लागायची. चार-दहा कुटुंबांनी आपली प्रमाणपत्रं एकत्र करायची आणि अमुक शिवार, तमुक यंत्रं मागायची. बाहेरचा पैसेवाला येऊन सगळं गिळंकृत करण्याची सोयच ठेवलेली नव्हती. देशभरात ज्या घाईने आणि ज्या लबाडीने खासगीकरण झालं, त्याच्या तुलनेत हे काम नेटकं होतं. त्याने शेती फार सुधारली असं मी म्हणणार नाही, कारण कर्ज आणि बाजार दोन्ही नव्हते.

डिसेंबर १९९५ मध्ये निझ्नीत गव्हर्नरपदाची थेट निवडणूक झाली. चार वर्षं महागाई आणि पगार थकलेले, त्याच महिन्यात संसदेच्या निवडणुकीत कम्युनिस्ट पहिल्या क्रमांकावर आलेले, आणि तरीही हा ‘सुधारणावाला’ सुमारे ५८ टक्के मतं घेऊन निवडून आला. म्हणूनच ‘लोकांना सुधारणावाले नको होते’ एवढ्यावर मी थांबत नाही. ज्याचा चेहरा ओळखीचा होता आणि ज्याला जाब विचारता येत होता, त्याला लोकांनी मत दिलं.

लगेच पुढच्या महिन्यात त्यांनी जे केलं, ते माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत धाडसी काम होतं. रशियापासून फुटू पाहणाऱ्या चेचन्यात युद्ध चालू होतं आणि निझ्नीतल्या घरांतून कोवळी पोरं तिकडे पाठवली जात होती. प्रांताची लोकसंख्या सुमारे ३७ लाख, आणि नेमत्सोव्ह यांनी युद्धाविरुद्ध तिथून दहा लाख सह्या गोळा करवल्या. सह्यांचे गठ्ठे निझ्नीतच बनणाऱ्या ‘गझेल’ व्हॅनमध्ये भरून क्रेमलिनमध्ये पोचवले. येल्त्सिन त्यांना मुलासारखं मानत आणि जूनमध्ये त्यांची स्वतःची निवडणूक होती. नेमत्सोव्ह यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी की, या सह्या माझ्या बाजूने की विरुद्ध, असं येल्त्सिन यांनी विचारलं. ते तुम्ही युद्ध थांबवता की नाही यावर अवलंबून आहे, असं नेमत्सोव्ह यांनी उत्तर दिलं. येल्त्सिन चिडले, पण खुर्ची काढून घेतली नाही. ते ती सहज काढून घेऊ शकतही नव्हते, कारण आता ती लोकांनी दिलेली होती. शिवाय १९९६ पासून गव्हर्नर आपोआप संसदेच्या वरच्या सभागृहाचे, फेडरेशन कौन्सिलचे, सदस्य होत. मॉस्कोला ‘नाही’ म्हणण्याची ऐपत असलेलं पद रशियाच्या इतिहासात फार थोडा काळ होतं, आणि तो काळ हाच.

मार्च १९९७ मध्ये येल्त्सिन यांनी त्यांना पहिले उपपंतप्रधान म्हणून बोलावलं. ते तयार नव्हते. समजूत घालायला येल्त्सिन यांची मुलगी तात्याना स्वतः निझ्नीला गेली. ते गेले, आणि इथे मी त्यांची पहिली चूक मोजतो. ५८ टक्के मतांची खुर्ची सोडून ते एका आजारी राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर चालणाऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. सुरुवातीला हे कळलं नाही, कारण त्या वसंतात काही जनमत चाचण्यांत राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पहिल्या क्रमांकावर होतं.

मॉस्कोत त्यांनी एकाच वेळी फार दारं ठोठावली. सरकारी अधिकाऱ्यांनी परदेशी गाड्या सोडून निझ्नीत बनणारी ‘व्होल्गा’ वापरावी हा आदेश गाजला आणि बारगळला. गाझप्रोम या नैसर्गिक वायूच्या कंपनीचं प्रकरण मात्र गंभीर होतं. कंपनीतला सरकारचा ३५ टक्के हिस्सा अध्यक्ष रेम व्याखिरेव्ह यांच्याकडे विश्वस्त म्हणून सोपवलेला होता आणि त्यातला मोठा भाग किरकोळ किमतीत विकत घेण्याची तरतूद करारातच होती. नेमत्सोव्ह यांनी त्या कराराला आव्हान दिलं. पंतप्रधान चेर्नोमिर्दिन हे गाझप्रोमचे माजी प्रमुख. म्हणजे भांडण कुणाशी लागलं ते उघड आहे.

मग २५ जुलै १९९७ चा स्व्याझइन्व्हेस्टचा लिलाव. ही सरकारी दूरसंचार कंपनी, आणि विकायचे होते २५ टक्के अधिक एक शेअर. दीड वर्षापूर्वी, डिसेंबर १९९५ मध्ये, युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के शेअर १५.९ कोटी डॉलरमध्ये गेले होते, कारण लिलाव घेणारे आणि घेऊन जाणारे आतून एकच होते. नेमत्सोव्ह आणि त्यांच्यासारखेच पहिले उपपंतप्रधान असलेले चुबाइस यांनी या वेळी ठरवलं की जो जास्त देईल त्याला माल. बडे उद्योगपती पोतानिन यांच्या गटाने, ज्यात जॉर्ज सोरोस यांचा पैसा होता, १.८७५ अब्ज डॉलरची बोली लावली. दुसरे उद्योगपती गुसिन्स्की यांचा गट हरला आणि तिसरे उद्योगपती बेरेझोव्स्की गुसिन्स्कींच्या बाजूने होते. देशातल्या दोन मोठ्या वाहिन्या याच दोघांच्या हातात, एनटीव्ही गुसिन्स्कींची आणि ओआरटीवर बेरेझोव्स्कींचा ताबा. दोन्ही वाहिन्या महिनोन् महिने नेमत्सोव्ह आणि चुबाइस यांच्यावर तुटून पडल्या. अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष अलीयेव्ह यांच्या स्वागताला नेमत्सोव्ह पांढरी पँट घालून गेले होते, ते दृश्य इतक्यांदा दाखवलं गेलं की आजही अनेकांना १९९७ चे नेमत्सोव्ह म्हटलं की ती पँटच आठवते.

नोव्हेंबरमध्ये या दोघांनी बेरेझोव्स्कींना रशियाच्या सुरक्षा परिषदेतल्या पदावरून काढायला लावलं. काही दिवसांतच चुबाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोतानिन यांच्याशी संबंधित प्रकाशकाकडून न छापलेल्या पुस्तकासाठी प्रत्येकी ९० हजार डॉलर घेतल्याचं बाहेर आलं. नेमत्सोव्ह त्यात नव्हते, पण त्यांच्याकडचं इंधन आणि ऊर्जा खातं गेलं. मार्च १९९८ मध्ये चेर्नोमिर्दिन यांना काढून येल्त्सिन यांनी ३५ वर्षांच्या सेर्गेई किरियेन्को यांना पंतप्रधान केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. किरियेन्को निझ्नीचेच, आणि मॉस्कोत त्यांना आणलं होतं नेमत्सोव्ह यांनी. १७ ऑगस्टला सरकारने रोख्यांचे पैसे देणं थांबवलं, रुबल कोसळला, किरियेन्को गेले आणि पाठोपाठ नेमत्सोव्ह यांनीही राजीनामा दिला. निझ्नी सोडून दीड वर्षही झालं नव्हतं.

त्याच वसंतात निझ्नीत आणखी एक गोष्ट घडली. महापौरपदाच्या निवडणुकीत एक वादग्रस्त, आधी शिक्षा झालेला उद्योजक जिंकला. तो पूर्वी नेमत्सोव्ह यांच्या जवळचा होता, मग त्यांचा विरोधक झाला. निकाल रद्द झाला आणि विजेता थेट तुरुंगात गेला. त्या माणसाबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. पण मतदारांचा कौल पुसून टाकता येतो हे उदारमतवादी मंडळी सत्तेत असतानाच दिसलं होतं, आणि तेव्हा त्यांना त्यात फारसं वावगं वाटलं नाही. पुढे काय झालं ते समजून घेताना हे झाकून ठेवता येत नाही.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘उजव्या शक्तींचा संघ’ हा पक्ष ८.५ टक्के मतं घेऊन ड्यूमात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, आला. यादीत वरची तीन नावं किरियेन्को, नेमत्सोव्ह आणि इरिना खाकामादा. घोषणा होती : पुतिन राष्ट्राध्यक्ष, किरियेन्को ड्यूमात. जानेवारी २००० मध्ये नेमत्सोव्ह यांनी एका अमेरिकी वृत्तपत्रात सहलेखकाबरोबर लेख लिहून पुतिन यांना पाठिंबा दिला. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडलेली. दुसरं चेचन युद्ध तेव्हा पेटलेलं होतं. चार वर्षांपूर्वी दहा लाख सह्या घेऊन गेलेल्या माणसाला तिथे थांबता आलं असतं.

तिसरी चूक दिसायला छोटी होती. २००३ च्या प्रचारात पक्षाने एक जाहिरात केली. खासगी विमानात पांढऱ्या चामड्याच्या खुर्च्यांवर चुबाइस, नेमत्सोव्ह आणि खाकामादा बसून रशियाच्या भवितव्यावर बोलत आहेत. खाली पगार आणि पेन्शनसाठी झगडणारा देश, आणि हे वर ढगांत. निझ्नीत दुकानांच्या लिलावाच्या दिवशी निदर्शकांच्या समोर उभ्या राहिलेल्या माणसाने ही जाहिरात मान्य कशी केली, याचं मला आजही नवल वाटतं. ऑक्टोबरमध्ये युकोसचे प्रमुख खोदोर्कोव्स्की यांना अटक झाली, डिसेंबरमध्ये पक्षाला ३.९७ टक्के मतं मिळाली. पक्षाच्या यादीला ड्यूमात जागा मिळायला लागणाऱ्या मतांचा उंबरठा होता पाच टक्क्यांचा. नेमत्सोव्ह संसदेबाहेर गेले ते कायमचेच.

इथून पुढे कायद्यांकडे बघा. सप्टेंबर २००४ मध्ये बेसलानच्या शाळेवर दहशतवादी हल्ला झाला, आणि दोन आठवड्यांच्या आत पुतिन यांनी गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद करण्याची घोषणा केली. शाळेतल्या ओलिसांचा आणि गव्हर्नर निवडण्याचा संबंध काय, याचं पटेल असं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. गव्हर्नरांची वरच्या सभागृहातली हक्काची जागा आधीच काढून घेतली होती. मग ड्यूमाचा उंबरठा सातवर नेला, एकेका मतदारसंघातून थेट उभं राहण्याची सोय रद्द केली, आणि मतपत्रिकेवरचा ‘सर्वांच्या विरुद्ध’ हा पर्यायही काढला. स्वतंत्र उमेदवाराला ड्यूमात जायला वाटच उरली नाही.

नेमत्सोव्ह मधल्या काळात युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को यांचे सल्लागार होते. २००८ पासून त्यांनी पुतिन यांच्या कारभारावर छोटे अहवाल काढायला सुरुवात केली. पातळ पुस्तिका, सोपी भाषा, आकडे, आणि फुकट वाटप. २००९ मध्ये ते जन्मगावी, सोचीत, महापौरपदासाठी उभे राहिले. ऑलिंपिकची तयारी जोरात होती. प्रचारात त्यांच्या तोंडावर अमोनिया फेकला गेला. निकाल : सरकारी उमेदवार ७७ टक्क्यांच्या आसपास, नेमत्सोव्ह साडेतेरा टक्के. पुढे २०१३ मध्ये त्यांनी सोची ऑलिंपिकचा हिशेब मांडला आणि सुमारे ५० अब्ज डॉलरच्या खर्चातले २५ ते ३० अब्ज गिळले गेल्याचा अंदाज दिला. ३१ डिसेंबर २०१० रोजी सभास्वातंत्र्याच्या मेळाव्यातून त्यांना उचललं, पंधरा दिवसांची कोठडी झाली. न्यायालयात त्यांना बसायला खुर्चीही दिली नाही, तासन् तास उभं ठेवलं. माजी उपपंतप्रधान नव्या वर्षाचं स्वागत कोठडीत करत होता. २०११ मध्ये त्यांच्या पक्षाला नोंदणी नाकारली गेली.

आता यारोस्लाव्हल. मॉस्कोपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचं हे जुनं व्होल्गाकाठचं शहर. २०११-१२ च्या मोठ्या निदर्शनांनंतर सरकारने पक्षनोंदणीचे नियम सैल केले होते. एप्रिल २०१२ मध्ये यारोस्लाव्हलने सत्ताधाऱ्यांच्या उमेदवाराला पाडून येव्गेनी उर्लाशोव्ह यांना जवळपास ७० टक्के मतांनी महापौर केलं. जुलै २०१३ मध्ये लाचेच्या आरोपावरून उर्लाशोव्ह यांना अटक झाली, पुढे साडेबारा वर्षांची शिक्षा. अटकेनंतर दोनच महिन्यांनी प्रांतिक ड्यूमाची, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळाची, निवडणूक होती. नेमत्सोव्ह यांच्या पक्षाला ५.१ टक्के मतं पडली. उंबरठा जेमतेम ओलांडला गेला आणि ५० पैकी एक जागा मिळाली.

लोक या जागेकडे घसरणीची शेवटची पायरी म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. त्यांनी ती जागा गंभीरपणे घेतली. प्रांतातल्या औषध-खरेदीच्या किमती त्यांनी उकरून काढल्या आणि एका उपगव्हर्नरला जावं लागलं. दहा वर्षांनी त्यांच्या हातात पुन्हा कागद मागवण्याचा अधिकार आला होता आणि त्यांनी तो गव्हर्नर असतानाच्याच जोमाने वापरला. पन्नासात एकटा असूनही ते कुणाला तरी उत्तर द्यायला भाग पाडू शकत होते, आणि त्या काळात रशियात विरोधकाला एवढं मिळणंही दुर्मीळ होतं.

मार्च २०१४ मध्ये क्रिमिया घेतला गेला तेव्हा ते युद्धविरोधी मोर्चात होते. रशियन सैनिक युक्रेनमध्ये लढत असल्याचे पुरावे ते गोळा करत होते. २७ फेब्रुवारी २०१५ च्या संध्याकाळी एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी १ मार्चच्या मोर्चाला येण्याचं आवाहन केलं, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास, क्रेमलिनला लागून असलेल्या बोल्शोई मोस्क्वोरेत्स्की पुलावर पाठीमागून गोळ्या घालून त्यांचा खून झाला. तो मोर्चा श्रद्धांजलीचा झाला, हजारो माणसं आली. युक्रेनवरचा अहवाल सहकाऱ्यांनी मे महिन्यात पूर्ण करून काढला. २०१७ मध्ये पाच चेचन व्यक्तींना शिक्षा झाल्या. गोळ्या झाडल्याबद्दल दोषी ठरलेला झाऊर दादायेव्ह चेचन्यातल्या ‘सेव्हेर’ बटालियनमधला माजी अधिकारी, त्याला २० वर्षं. खून करवणारा कोण, हे न्यायालयापुढे आलंच नाही. कुटुंबाच्या वकिलांनी वरपर्यंत चौकशीची मागणी वारंवार केली आणि ती फेटाळली गेली.

राहिला दुसरा प्रश्न : मॉस्कोला गेलेच नसते तर? राष्ट्राध्यक्षपद त्यांना मिळालं असतं असं मला वाटत नाही. १९९९ चा वारसदार क्रेमलिनच्या आत, मोजक्या माणसांत ठरला. ऑगस्टमध्ये पुतिन पंतप्रधान झाले आणि ३१ डिसेंबरला येल्त्सिन पायउतार झाले. उरतो पर्याय निझ्नीत राहण्याचा. ऑक्टोबर २००० मध्ये कुर्स्कचे गव्हर्नर रुत्स्कोई यांचं नाव मतदानाच्या काही तास आधी न्यायालयाने उमेदवार-यादीतून काढलं होतं, तसंच काही नेमत्सोव्ह यांच्याही वाट्याला आलं असतं. नाहीतर इतर गव्हर्नरांसारखं सत्ताधारी पक्षात जावं लागलं असतं. आणि रोजचा वरिष्ठ कोण असता? मे २००० मध्ये पुतिन यांनी गव्हर्नरांवर देखरेखीसाठी प्रतिनिधी नेमले, त्यात व्होल्गा विभागासाठी निझ्नीत येऊन बसले ते सेर्गेई किरियेन्को. आज तेच क्रेमलिनच्या प्रशासनात बसून देशांतर्गत राजकारण आणि प्रांतांच्या निवडणुका सांभाळतात. नेमत्सोव्ह यांच्या जुन्या खुर्चीवर २००५ मध्ये क्रेमलिनने मॉस्कोचे उपमहापौर व्हालेरी शान्त्सेव्ह यांना आणून बसवलं. निझ्नीच्या मतदारांना त्यानंतर गव्हर्नर निवडायला मिळाला तो थेट २०१४ मध्ये, आणि तेव्हाही मतपत्रिकेवर कोण येणार हे आधी नगरसेवकांच्या सह्यांच्या चाळणीतून ठरत होतं.